पोलिसांचे हात नेमके कुणी बांधले?

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरील अत्याचार प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या लोकलच्या डब्यात पेढे वाटले गेले. मी घेतला नाही, तेव्हा शेजारचे गृहस्थ म्हणाले, "तुम्हाला मुली नाहीत का?" आहेत. दोन आहेत. म्हणूनच तो पेढा माझ्या घशाखाली उतरला नसता. मग दादर येईपर्यंत वाद चालला आणि त्यात दोनच बाजू होत्या. एक म्हणत होती, पोलिसांचे हात बांधलेत, एकदा मोकळे सोडा आणि मग बघा. दुसरी म्हणत होती, पोलीस म्हणजे इंग्रजांनी मागे ठेवलेली लाठी, तिच्याकडून कसली अपेक्षा करता? २०१९ मध्ये हैदराबादला चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले तेव्हाही हेच ऐकले होते. पुढच्या घटनेनंतरही हेच ऐकावे लागेल, म्हणून हे लिहितो आहे.

पोलिसांचे हात बांधलेले आहेत हे मला मान्य आहे. पण ती गाठ कायद्याने मारलेली नाही. ती वरून मारलेली आहे, बदलीच्या आदेशातून, गुन्ह्यांच्या वार्षिक आकड्यातून, सोळा-सोळा तासांच्या बंदोबस्तातून. खालच्या माणसावर उगारायला ते हात आधीपासूनच मोकळे आहेत. आपण नेमकी उलटी मागणी करतो आहोत. जिथे गाठ हवी तिथली सोडा म्हणतो आणि जिथली सोडायला हवी तिच्याकडे पाहतच नाही.

बदलापूरचेच घ्या. २० ऑगस्टला हजारो माणसे रेल्वेच्या रुळांवर का उतरली होती? चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेत अत्याचार झाला आणि त्यांच्या पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन्तास बसवून ठेवले गेले, म्हणून. राग ठाण्यातल्या त्या तक्रारीच्या टेबलावर होता. महिनाभरात मुंब्रा बायपासवर गोळी झाडली गेली आणि टेबल विसरले गेले. त्या पालकांना कुणी थांबवले, का थांबवले, त्या दिवशी ठाण्यात कुणाचा फोन आला होता की कुणाचा येण्याची भीती होती, हे प्रश्न पेढ्यांबरोबर वाटून संपले. पुढे जानेवारीत न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरले. ती बातमी डब्यात कुणी मोठ्याने वाचल्याचे मला आठवत नाही.

टेबल म्हणजे काय हे मी जवळून पाहिले आहे. अनंत चतुर्दशीची आदली रात्र होती. आमच्या इमारतीत पोळ्या करायला येणाऱ्या बाईंना नवऱ्याने पाटा उचलून मारला होता. कपाळाला पाच टाके घालून सरकारी दवाखान्यातून आम्ही थेट ठाण्यात गेलो. रात्रीचे साडेअकरा झाले होते. टेबलावर एकटे हवालदार होते, चाळिशीच्या पुढचे. बूट काढून खुर्चीखाली सरकवलेले, मोजे खिडकीच्या गजावर वाळत घातलेले आणि पाय घोट्यापाशी इतके सुजलेले की मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ खोल दिसत होता. ड्युटी ऑफिसर विसर्जनाच्या बंदोबस्ताच्या बैठकीला गेले होते. हवालदारांनी बाईंना आधी पाणी दिले, मग रजिस्टर ओढले. "ताई, एनसी घेतो. सकाळी नवऱ्याला बोलावून दम देतो." एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद. मी म्हटले, साहेब, टाके पडलेत, ही एनसी कशी? त्यांनी पेन खाली ठेवले आणि आवाज उतरवून म्हणाले, "काका, गुन्हा घेतला की आकडा वाढतो. आकडा वाढला की साहेबांना वरून विचारणा. साहेबांना झाली की मला."

हा माणूस क्रूर नव्हता. पाणी त्यानेच दिले होते. पण समोर बसलेल्या बाईपेक्षा न दिसणारा 'वर' त्याला जास्त खरा वाटत होता, आणि तसे वाटावे अशीच ही यंत्रणा घडवली गेली आहे. कुणी घडवली? इथे इतिहासात शिरावे लागते.

मुंबईच्या पोलिसांची गोष्ट सतराव्या शतकात गव्हर्नर ऑन्जियरने उभ्या केलेल्या भंडारी मिलिशियापासून, म्हणजे भंडारी समाजातल्या शिपायांच्या दलापासून, सुरू होते. माहीम, शिवडी आणि शीव ही तिची ठाणी. काम काय, तर ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार आणि कंपनीची बेटे राखणे. शंभर वर्षांनी, १७७९ मध्ये, जेम्स टॉड नावाचा गृहस्थ शहराच्या पोलिसांचा प्रमुख नेमला गेला आणि १७९० मध्ये लाचखोरीच्या खटल्यात सापडून गेला. म्हणजे 'पूर्वीचे पोलीस बरे होते' असे म्हणण्याची सोय पहिल्याच प्रमुखाने ठेवलेली नाही. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती १८३२ सालची कुत्र्यांची दंगल. शहरात भटकी कुत्री फार झाली म्हणून ती मारायचा हुकूम निघाला आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठरले. मग काय झाले? भटके कुत्रे शोधून, पळवून, पकडून मारण्यात श्रम होते. दारात बांधलेला, अंगणात झोपलेला पाळीव कुत्रा सोपा होता. पोलीस लोकांच्या घरांतून कुत्री ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्रा पवित्र. जूनमध्ये कोटातला पारशी मोहल्ला उठला, शिपायांना मार बसला, दुकाने बंद पडली, छावणीचा रसदपुरवठा थांबला आणि शेवटी लष्कर आणावे लागले.

त्या आठ आण्यांकडे नीट पाहा. पोलिसाला आकड्यावर मोजले की तो आकडा आणून देतो. कुत्रे कुठले होते हे आकडा सांगत नाही. आज मोजणी कशाची होते? 'डिटेक्शन' म्हणजे उकललेले गुन्हे किती, चकमकी किती, आणि उलट बाजूने, नोंदलेले गुन्हे किती कमी. गुन्हे कमी दाखवायचे असतील तर सर्वांत सोपा उपाय रस्त्यावर नसतो, रजिस्टरात असतो. माझ्यासमोर बसलेल्या हवालदाराने तो उपाय शोधला नव्हता. त्याला तो शिकवला गेला होता.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे. पोलीस ही वसाहतीची देणगी आहे, हे खरे आहे आणि पुरेपूर खरे आहे. १८६१ चा कायदा आयर्लंडमधल्या सशस्त्र पोलीसदलाच्या धर्तीवर झाला. लंडनच्या रस्त्यावर नि:शस्त्र फिरणाऱ्या 'बॉबी'चा नमुना इंग्रजांनी स्वतःसाठी ठेवला. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. अख्ख्या जातीच्या जाती जन्माने गुन्हेगार ठरल्या, हजेरी द्यायला लागल्या, तारेच्या कुंपणात राहायला लागल्या. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी आजही पुलाखाली राहणाऱ्या पारध्याच्या पोराला चोरी झाली की आधी उचलले जाते. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले आणि त्यांच्यावर गोळ्या चालल्या. यातले काहीही मी नाकारत नाही.

पण इंग्रजांवर सगळे टाकून मोकळे होता येत नाही. इंग्रज येण्याआधी आपल्याकडे गावगाड्यात राखणीला जागल्या होता, रामोशी होता. चोराचा माग ज्या गावात शिरला त्या गावाने भरपाई द्यायची, अशी रीत होती. तिच्यात उत्तरदायित्व होते, आणि ते गावाला होते. शहरात मात्र कोतवाल होता आणि कोतवाल दरबाराला बांधलेला होता. पुण्याच्या घाशीरामाने लोकांना किती वर्षे नाडले? नाना फडणवीसांचा हात पाठीवर होता तोवर. १७९१ मध्ये कोठडीत कोंडलेली माणसे गुदमरून मेली तेव्हा लोक शनिवारवाड्यासमोर जमले, आणि मग त्याच घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले गेले. जो फक्त वर उत्तर देतो त्याला खाली उत्तर द्यायची वेळ येते तेव्हा ती अशी येते. त्यात न्याय मिळाला असे मला वाटत नाही. दाद मागायला दुसरी जागा नव्हती, एवढेच त्यातून सिद्ध होते.

आणि स्वातंत्र्यानंतर? १८६१ च्या कायद्याला नावे ठेवणाऱ्या अनेकांना माहीत नसते की महाराष्ट्रात चालतो तो कायदा १९५१ चा आहे. आपल्याच आमदारांनी, प्रजासत्ताकाच्या दुसऱ्या वर्षी केलेला. त्यातले चौथे कलम पोलीसदलाचे अधीक्षण राज्य सरकारकडे सोपवते. गव्हर्नरच्या जागी मंत्री आला, खुर्ची तीच राहिली. चार वर्षांनी, २१ नोव्हेंबर १९५५ ला, फ्लोरा फाउंटनवर मराठी माणसे मराठी राज्य मागायला जमली तेव्हा गोळीचा हुकूम लंडनहून आला नव्हता. आज आपण त्या चौकाला हुतात्मा चौक म्हणतो. तिथून जाताना माझ्या मनात नेहमी येते, गोळी झाडणारे शिपाईही बहुतेक साताऱ्याचे, रत्नागिरीचेच असणार. त्यांच्या घरी त्या रात्री काय बोलणे झाले असेल?

शिपायाच्या घरी काय बोलणे होते हे कुणी विचारत नाही. मी नायगावात वाढलो. बीडीडी चाळीतल्या पोलिसांच्या खोल्या १६० चौरस फुटांच्या, संडास बाहेर, सगळ्या मजल्याचा मिळून. माझ्या वर्गमित्राचे वडील रात्रपाळी करून आले की आम्हाला खेळ चाळीच्या टोकाला न्यावा लागे, कारण ते झोपलेले असत आणि खोलीत दुसरी जागा नसे. १८ ऑगस्ट १९८२ ला याच चाळींतून उद्रेक झाला. शिपायांना संघटना हवी होती, बरा पगार हवा होता, साहेबाच्या घरची कामे करायची नव्हती. सरकारने संघटनेची मान्यता काढली, पुढाऱ्यांना अटक केली आणि शहरात जाळपोळ झाली. लष्कर बोलावून पोलिसांना शांत करावे लागले. त्या दिवशी दुकाने लुटली गेली, हे समर्थनीय नाही. पण त्यानंतर ज्या माणसाच्या हातात आपण कायदा देतो, त्याला स्वतःची तक्रार सांगायची सनदशीर जागा उरली नाही. ज्याचे कुणी ऐकत नाही त्याने तुमचे ऐकून घ्यावे, ही अपेक्षा कशी पुरी होणार?

आता चकमकींबद्दल. लोकलमधल्या गृहस्थांची बाजू दुबळी नाही. १९९७ हे साल मुंबईकरांना आठवत असेल. जानेवारीत पवईत कामगार नेते दत्ता सामंतांना गोळ्या घातल्या गेल्या, ऑगस्टमध्ये अंधेरीत गुलशनकुमारांना. हॉटेलवाल्यांना, बिल्डरांना, डॉक्टरांनासुद्धा खंडणीचे फोन येत होते. साक्षीदार उलटत होते, खटले दहा-दहा वर्षे रेंगाळत होते. तेव्हा 'अमुक गुंड ठार' ही बातमी वाचून सुटकेचा श्वास घेणाऱ्यांत मीही होतो. हे मी लपवत नाही. न्यायालय पंधरा वर्षांनी निकाल देणार असेल तर माणूस गोळीकडे वळतो, आणि त्याला मूर्ख म्हणून उपयोग नाही.

पण त्या श्वासाची किंमत पुढे काय पडली? १९८२ मध्ये वडाळ्यात गुंड मन्या सुर्वे पोलिसांच्या चकमकीत मारला गेला, तिथून सुरू झालेली वाट २००६ मध्ये वर्सोव्यात पोहोचली. लखनभैया प्रकरणात पोलिसांनीच माणसाला उचलून मारून चकमक दाखवली, असे २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने म्हटले आणि १३ पोलिसांना दोषी ठरवले. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने बहुतेकांची शिक्षा कायम केली, शिवाय आधी सुटलेल्या अधिकाऱ्यालाही जन्मठेप दिली. ज्याला विचारणारे कुणी नाही अशी बंदूक भाड्याने मिळू लागते. तिला 'आपली' बंदूक म्हणणे हा भ्रम आहे, कारण ती नेमकी कुणासाठी चालली हे विचारायची सोय आपणच काढून टाकलेली असते. इंग्रजांनीसुद्धा आपल्या पोलिसावर इतका विश्वास ठेवला नव्हता. पोलिसासमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालणार नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यात त्यांनीच लिहून ठेवले. साम्राज्याने जे पाऊल उचलले नाही ते आपण पेढे वाटून उचलायचे?

आणि ज्याला मारावे असे या शहरातल्या प्रत्येकाला वाटले होते, त्या कसाबचे काय झाले ते आठवा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती. त्यांनी एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत सापडला. जिवंत सापडला म्हणून तो कुठून आला, कुणी पाठवले, कुठे शिकवले हे जगासमोर आले. त्याला वकील मिळाला, खटला चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झाले आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. चार वर्षे पुरी व्हायच्या आत. म्हणजे ठरवले तर न्यायालये वेळेत काम करू शकतात. मग आपला आग्रह त्या वेगासाठी का नसतो? न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा, न्यायवैद्यक प्रयोगशाळांतले तुंबलेले नमुने, साक्षीदाराचे संरक्षण यांसाठी बदलापूरच्या रुळांवर कोण उतरणार?

गाठ कुठे आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ ला सांगून टाकले आहे. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंग यांची याचिका दहा वर्षे चालली आणि न्यायालयाने सात निर्देश दिले. ठाणेदारापासून महासंचालकापर्यंत किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, बदल्यांसाठी पोलिसांचेच मंडळ, तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची विभागणी, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण, हे त्यांतले मुख्य. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा सुधारला. कार्यकाळ दिला, आणि त्याच कलमात जनहितार्थ मुदतीआधी बदली करण्याची सोयही ठेवली. तक्रार प्राधिकरण झाले, पण तुमच्या इमारतीतल्या किती जणांना त्याचा पत्ता माहीत आहे? बदलीची सुरी कशी चालते हे २०२१ च्या मार्चमध्ये सगळ्यांनी पाहिले. मुंबईचे पोलीस आयुक्तपद गेल्यावर परमबीर सिंग यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून गृहमंत्र्यांवर हप्तेवसुलीचे आरोप केले, आणि गृहमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. आरोप खरे की खोटे हा भाग न्यायालयाचा. मला एवढेच विचारायचे आहे, की बदली होण्याआधी ते पत्र का लिहिले गेले नाही?

पोलीस सुधारतच नाहीत, असे म्हणणाऱ्यांना मी भिवंडीला घेऊन जाईन. १९७० मध्ये आणि पुन्हा १९८४ मध्ये पेटलेली भिवंडी. तिथे सुरेश खोपडे नावाच्या उपायुक्तांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्याआधी 'शांतता समित्या' असत. त्यांत पुढारी आणि प्रतिष्ठित बसत, दंगलीच्या आदल्या दिवशी चहा पीत. नव्या समित्यांत गल्लीतली साधी माणसे आली, हिंदू आणि मुसलमान, आणि त्यांच्याबरोबर त्या भागाचा पोलीस. बोलणे नळावरच्या भांडणाचे, गटाराचे, भाडेकरूचे. त्या पोलिसाला गल्ली नावाने ओळखू लागली. डिसेंबर १९९२ मध्ये आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. इकडे मुंबईत न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबाने ९०० माणसे मेली, त्यांतली ३५६ पोलिसांच्या गोळीबारात. कायदा दोन्हीकडे तोच, गणवेश तोच, पगार तोच. फरक एवढाच होता की एका ठिकाणी शिपायाला खाली उत्तर द्यावे लागत होते.

कुणी म्हणेल, एका चांगल्या अधिकाऱ्यावर व्यवस्था चालत नाही. अगदी बरोबर. अधिकारी बदलला की त्याने लावलेले झाड वाळते, हे या खात्याचे जुने दुखणे आहे. पण टिकलेलीही उदाहरणे आहेत. क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या पोलीस मुख्यालयात १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याच्या छताखाली समाजसेविका बसू लागली. बाईचे म्हणणे आधी ती ऐकते, मग तिच्याबरोबर टेबलापर्यंत जाते. तो कक्ष पुढे राज्यभर पसरला. देवनारमध्ये २०१६ साली आठ तासांची पाळी सुरू झाली, तिचे वेळापत्रक एका शिपायाने स्वतः मांडले होते आणि तेव्हाच्या आयुक्तांनी ते ऐकले. ती पद्धत सगळीकडे आणि कायमची टिकली नाही, याचे मला फार वाईट वाटते. हेच पाय मोकळे करणे होते. सोळा तास उभ्या असलेल्या माणसाकडून सहनशीलता मागणे हा अन्याय आहे, त्याच्यावरही आणि त्याच्यासमोर बसलेल्या बाईवरही.

पोलीसच नकोत, हे म्हणणे मला त्या बाईंकडे पाहून कधीच पटणार नाही. पैसेवाला माणूस फाटकावर रखवालदार ठेवतो, आत कॅमेरे लावतो. ज्याच्याकडे यातले काही नाही त्याला रात्री साडेअकराला जायला एकच उजेडाची जागा असते. दलिताला अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, पण तो लिहून घेणारा हात पोलिसाचाच आहे. ती जागा बंद करून तिथे काय ठेवणार? गल्लीतला दादा?

त्या रात्री बाई उठल्या नाहीत. "साहेब, एनसी नको. मी बसते," एवढेच म्हणाल्या आणि पदर डोक्यावरून घेऊन बाकावर बसल्या. एक वाजता ड्युटी ऑफिसर आले. हवालदारांनी स्वतः उठून त्यांना सांगितले, "सर, टाके आहेत. गुन्हा घ्यावा लागेल." त्यांनी घेतला. प्रत हातात पडली तेव्हा सव्वादोन वाजले होते. बाईंनी घडी घालून ती औषधांच्या पिशवीत ठेवली. आम्ही निघालो तेव्हा हवालदार खिडकीवरचे मोजे चाचपून पाहत होते. ते अजून ओले होते, तसेच त्यांनी पायांत चढवले. सकाळी सातला त्यांना गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या बंदोबस्ताला हजर व्हायचे होते.